कुलूपबंद टाकीतलं प्लास्टिक

१

डोळे मिटा आणि एक टाकी डोळ्यांसमोर आणा. स्टीलची, मोठ्या माणसाच्या खांद्याएवढी उंच. आत ताकासारखं पांढरं पाणी, आणि खालून सारखे हवेचे बुडबुडे. त्या पाण्याच्या एका थेंबात इतके जिवाणू आहेत, की तुम्ही आजपासून मोजायला बसलात तर म्हातारे होईपर्यंत मोजत राहाल. प्रत्येकाच्या पोटात पांढरे दाणे आहेत. ते दाणे म्हणजे प्लास्टिक.

आता टाकीच्या झाकणाला कुलूप लावा. शेडच्या दाराला दुसरं लावा. दोन्ही किल्ल्या एकाच माणसाकडे द्या. तीन दिवसांनी कुलपं उघडा. कुलपं शाबूत, पाणी होतं तेवढंच, आणि प्लास्टिक मात्र नाही.

झालं तुमच्या मनात चित्र? मग आता आपण पिरंगुटला जाऊ. साल एकोणीसशे शहाऐंशी, श्रावण महिना. पौड रस्त्याच्या कडेला साबणाचा एक कारखाना होता आणि त्याच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ही टाकी होती. शनिवारी सकाळी अकरा वर्षांची हसिना त्या कारखान्याच्या कचेरीत शिरली आणि तिनं दोन किल्ल्या टेबलावर ठेवल्या.

"अब्बांनी दिल्यात," ती म्हणाली.

टेबलापलीकडे डॉक्टरबाई बसल्या होत्या. रोग्यांच्या नव्हेत, रसायनशास्त्राच्या. ही टाकी त्यांची. आठवड्यातून दोनदा त्या पुण्याहून बसनं यायच्या. दाराशी साबणखात्याचे फोरमन कोंडाजी उभे होते.

"बाप तोंड लपवून बसला आन् पोरीला धाडली," कोंडाजी म्हणाले. "म्या पयल्या दिवशीच म्हनलो हुतो, इलाहीच्या हाती किल्ल्या नगा देऊ."

"कोंडाजी, लहान मुलीसमोर बोलताय तुम्ही."

"ल्हान न्हाई ती, समदं कळतं तिला."

हसिनाला कळत होतं, पण लागत नव्हतं. फार वेळ मांडी घालून बसलं की पाय कसा परका होतो, चिमटा काढला तरी दुसऱ्याचाच वाटतो, तसं तिचं सगळं अंगच झालं होतं. अम्मी गेल्यापासून. त्रेचाळीस दिवस झाले होते. बुधवारी अम्मीचा चाळिसावा होता. शेजारच्या कमरबीनं फातेहाचं सगळं केलं, बायका आल्या, गेल्या, पण अब्बा आले नाहीत. टाकीपाशी ड्यूटी होती. तेव्हाही हसिनाला रडू आलं नाही. तिनं ताटं घासली आणि पालथी घातली.

"अब्बांनी काय चोरलं?" तिनं विचारलं.

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. "जवळजवळ दोन किलो प्लास्टिक. मालक सोमवारी पौडच्या पोलीस ठाण्यात तक्रार देणार आहेत."

"अब्बा नाही म्हणतात."

"मला ते तेवढंही म्हणाले नाहीत. मी एकच विचारलं होतं: इलाही, तीन दिवसांत तुम्ही टाकी सोडून कुठं गेला होता का? माझा नियम त्यांना ठाऊक आहे. टाकी सोडून जाणाऱ्याला दुसऱ्या दिवशी काम नाही. त्यांनी मान खाली घातली आणि ते घरी निघून गेले. निर्दोष माणूस असा गप्प बसतो का, तूच सांग."

हसिनानं थोडा वेळ विचार केला. मग ती म्हणाली, "बाई, जे दिसतच नाही ते चोरायचं कसं?"

२

प्रश्न चांगला होता. डॉक्टरबाई मुळात शिकवणाऱ्या. चांगला प्रश्न आला की त्यांना राग धरून ठेवता येत नसे. कोंडाजी आपल्या कढयांकडे गेले आणि बाईंनी हसिनाला स्टुलावर बसवलं.

"साबण कशाचा करतात?"

"तेलाचा. आणि सोड्याचा."

"बरोबर. तेल फोडलं की त्यातून मेदाम्लं निघतात. इथं सगळे त्याला ॲसिड तेल म्हणतात. ते आपण टाकीतल्या जिवाणूंना खायला घालतो. पण नुसतं तेल खाऊन त्यांना पिल्लं होत नाहीत. नवं शरीर बांधायचं तर नत्र लागतं, आणि नत्र मी त्यांना देत नाही. मुद्दाम."

"उपाशी ठेवता?"

"अर्धपोटी. एक घर समज. भात खंडीभर येतंय, पण घरात खाणारी तोंडं काही वाढत नाहीत. मग त्या भाताचं काय होतं?"

"कणगी भरते."

"यांचीही भरते. फक्त यांच्या कणगीत भात नसतं, प्लास्टिक असतं. नेहमीच्या पिशवीसारखं नव्हे. मातीत पुरलं तर हळूहळू माती होऊन जाणारं. मंगळवारी कणग्या गच्च भरल्या होत्या. मी तेल बंद केलं. कणग्या फोडून प्लास्टिक बाहेर काढायला क्लोरोफॉर्म लागतं, त्याचा पिंप पुण्याहून शुक्रवारी यायचा होता. म्हणून इलाहींना सांगितलं, तीन दिवस हवा चालू ठेवा, तिथंच जेवा, तिथंच झोपा. काल उघडलं तर..." बाईंनी काचेची एक बशी पुढं सरकवली. तळाला नखाएवढा पापुद्रा होता. "लिटरभर पाण्यातून एवढंच निघालं. टाकी तीनशे लिटरची."

"मग पाणी कुणी नेलं असेल."

"कोंडाजीही तेच म्हणतात. इलाहींनी घट्ट पाणी काढून दुसऱ्या कंपनीला दिलं आणि साधं पाणी भरून ठेवलं."

हसिनानं सूक्ष्मदर्शकाकडे बोट केलं. "यातून ते दिसतात?"

बाईंनी कालच्या पाण्याचा थेंब चौकटीच्या काचेवर ठेवला. ही काच खास असते. तिच्यावर बारीक चौकोन आखलेले असतात, पाटीवर असतात तसे, म्हणजे एका चौकोनात किती जिवाणू आहेत ते मोजता येतं. हसिनानं डोळा लावला. बारीक, काटकुळे, तांदळाच्या कणीसारखे जीव.

"मंगळवारी एका चौकोनात किती होते?"

"चाळीस," बाईंनी वही बघून सांगितलं.

"आणि काल?"

डॉक्टरबाईंनी वहीचं पान उलटलं. काल त्यांनी मोजलंच नव्हतं. प्लास्टिक गेलं म्हटल्यावर त्यांनी फक्त प्लास्टिक शोधलं होतं. शिकलेल्या माणसांकडूनही असं होतं. जे हरवलं तेच शोधत बसतात आणि जे समोर आहे ते बघायचं राहून जातं.

हसिना मोजत बसली. एक चौकोन, दुसरा, पाचवा. मग तिनं डोळा चोळला.

"सहासष्ट."

"चुकलीस. सरक." बाईंनी स्वतः मोजलं. मग पुन्हा मोजलं. मग त्या खुर्चीत मागं टेकल्या.

पाणी मिसळलं असतं तर चाळीसचे दोन-चार व्हायला हवे होते. सहासष्ट कसे झाले?

३

विचार करायला हसिना बाहेर आली. नळाशी फुलाबाई पिंपं धूत होती. फुलाबाई जवळच्या रिहे गावची. शेडची झाडलोट तिच्याकडे होती, आणि अम्मी गेल्यापासून हसिनाच्या पोटाची काळजीही तिनंच उचलली होती. त्या तीन रात्री अब्बा टाकीपाशी होते तेव्हा हसिनाजवळ निजायला तीच आली होती.

"काय म्हनत्यात बाई?"

"मोजतायत."

"मोजू दे. तू आदी ह्ये खा." तिनं फडक्यातली अर्धी भाकरी आणि ठेचा पुढं केला. हसिनानं खाल्लं. चव लागली नाही, नेहमीसारखीच.

"मावशी, तुम्हाला वाटतं अब्बांनी चोरलं?"

"इलाहीनं? त्यो मानूस वाटंवर पडल्याला खिळा बी उचलून मालकाला दील. कोंडाजीचं नगं आयकू. त्येचं ॲसिड तेल गेलं टाकीत, म्हनून जळतंय त्येचं." फुलाबाईनं पिंप पालथं केलं. "आन् चोरी झाली म्हनाया टाकीला झालंय काय? मंगळवारी कसं पांढरंफटक पडल्यालं बिचारं. आता बग की, कसा रंग आलाय. मला तर जीव धरल्यासारकं वाटतंय."

हसिना हात धुऊन शेडकडे गेली. डॉक्टरबाई तिथं आधीच शिडीवर चढल्या होत्या. टाकीचं पाणी खरंच बदललं होतं. ताकासारखं पांढरं उरलं नव्हतं, पातळ, पिवळसर तपकिरी दिसत होतं. वर फेस येऊन कडेला वाळला होता. आणि एक वास होता, गोठ्यात शिरल्यावर नाकाला झोंबतो तसा.

"बाई, झाकणाला कुलूप आहे. मग तेल कुठून घालता?"

"या नरसाळ्यातून." बाईंनी झाकणावरच्या पत्र्याच्या नरसाळ्यावरची टोपी काढली. टोपीला कुलूप नव्हतं. तिथून हात आत जात नाही, पाणी बाहेर काढता येत नाही, म्हणून कुणाच्या ते मनातही आलं नव्हतं.

नरसाळ्याच्या आतल्या बाजूला ॲसिड तेलाचा मेणचट थर बसला होता, आणि त्या थरात पांढरे, गोल, साबुदाण्यापेक्षा बारीक मणी रुतले होते.

"कोंडाजी!" बाईंनी हाक मारली. "हे काय आहे?"

कोंडाजी हात पुसत आले, खालून बघितलं. "सोडा हाय. दुसरं काय आसनार? साबनाच्या कारखान्यात पांढरं म्हंजे सोडा."

हसिनानं बोट पुढं केलं. बाईंनी तिचं मनगट धरलं. "हात लावायचा नाही. कॉस्टिक सोडा असेल तर कातडी जाळेल." हे तुम्हीही ध्यानात ठेवा. अनोळखी पांढरी वस्तू हातात घ्यायची नाही, आणि चाखायची तर मुळीच नाही. ती ओळखण्याचे दुसरे मार्ग असतात.

बाईंनी चमच्यानं मणी खरवडले. दोन परीक्षानळ्यांत थोडं थोडं पाणी घेतलं. एकीत कोंडाजींच्या पोत्यातला सोडा टाकला, दुसरीत नरसाळ्यातले मणी. मग हसिनाला सांगितलं, काचेला बाहेरून बोट लाव.

पहिली नळी तापली. इतकी, की बोट लगेच काढावं लागलं.

दुसरी नळी थंडगार झाली. रांजणाच्या बुडासारखी. हसिनानं बोट तसंच ठेवलं. किती दिवसांनी तिला काहीतरी लागत होतं, थंड का होईना.

"सोडा पाण्यात तापतो. हा गार पडतो," बाई हळूच म्हणाल्या. "हा..."

"युरिया," हसिना म्हणाली. भातखाचरांच्या गावात हे कुणीही सांगितलं असतं.

४

"युरिया म्हणजे नुसतं नत्र," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि खालच्या पायरीवर बसल्या. "म्हणून हा झोंबणारा वास."

हसिना उभीच होती. "बाई, कणगी रिकामी कधी होते?"

"चोर आला की."

"नाही. घरात खाणारी तोंडं वाढली की."

बाईंनी हसिनाकडे बघितलं, मग टाकीकडे.

"नत्र मिळालं," त्या सावकाश म्हणाल्या, वर्गात फळ्यावर लिहावं तशा. "नत्र मिळाल्यावर पिल्लं झाली. पण बाहेरचं तेल मी बंद केलं होतं. मग त्यांनी कणगीतलं काढून खाल्लं. चाळीसचे सहासष्ट झाले आणि प्लास्टिक संपलं. चोरी झालीच नाही. प्लास्टिक ज्यांनी केलं त्यांनीच ते खाल्लं!" त्या उठल्या. "सोमवारची तक्रार मी होऊ देणार नाही. पोलिसांचं कामच नाही यात."

हसिनाला आनंद व्हायला हवा होता. तिनं आत शोधून पाहिला. नव्हता.

"पण युरिया आपण होऊन नरसाळ्यात चढत नाही," बाई पुढं म्हणाल्या. "कुणीतरी माझं सहा महिन्यांचं काम वाया घालवलं. आणि इलाही तिथं होते तर त्यांनी ते बघितलंच असणार. कुणाला झाकतायत ते? मला नाव हवं. नाव कळेपर्यंत इलाहींना कामावर घेता येणार नाही."

त्या वही लिहायला कचेरीत गेल्या. हसिना कोंडाजींसमोर जाऊन उभी राहिली. ते कढईतला साबण ढवळत होते.

"कोंडाजीकाका, माण गावच्या तुमच्या शेतात भात आहे ना?"

"हाय. मग?"

"युरिया तुम्ही टाकला?"

ढवळणं थांबलं. मग कोंडाजी मोठ्यानं हसले. "लई धीट हायेस गं! आयक. मला त्या टाकीचं वाटुळं करायचं आसतं, तर सोड्याची पोती माज्याच ताब्यात हायेत. तांब्याभर वतला की समदे किडं जागच्या जागी खलास. त्येस्नी युरिया कशापायी घालू? माज्या भाताला पुरंना, आन् किड्यांचं लाड करू?"

ते पुन्हा ढवळू लागले, पण हसिना तिथून हलली नाही. कोंडाजी खरं बोलत होते. वाईट करायचं असेल तर सोडा हाताशी होता. युरिया कुणी वाईटासाठी घालत नाही. भाताची आवणी, म्हणजे लावणी, झाल्यावर रोप पांढरं पडलं, पिवळं पडलं, की माणूस मूठभर युरिया फेकतो आणि तीन दिवसांनी बांधावर जाऊन बघतो, रंग आला का.

पांढरंफटक पडल्यालं बिचारं.

आता बग की, कसा रंग आलाय.

हसिना कढईपाशी उभी होती, आणि कढईची धग तिला लागत नव्हती.

५

फुलाबाई अजून नळाशीच होती. हसिना तिच्यासमोर उकिडवी बसली.

"मावशी, टाकीत युरिया तुम्ही टाकला?"

फुलाबाईनं लगेच मान हलवली, लपवण्यासारखं काही नसल्यासारखी. "व्हय. दोन वंजळी. आमच्याच पोत्यातला. बाई म्हनल्या हुत्या, ह्येस्नी उपाशी ठिवायचं. आन् टाकी बगितली तर पार रोगट. आपलं रोप पांढरं पडलं तर आपन बगत बसतो का? म्हनलं, बाईस्नी शेतीतलं काय ठावं. गुमान घालू, सुदारलं की आपसूक कळंल त्येस्नी."

हसिनानं तिला सगळं सांगितलं. पांढरं म्हणजे रोग नव्हता, पांढरं म्हणजेच पीक होतं. कणगी, तोंडं, सहासष्ट. सावकाश सांगितलं, एकेक करून. फुलाबाईच्या हातातला काथ्या पाण्यात पडला.

"म्हंजे इलाहीवर आळ आला त्यो..."

"हं."

"माज्यापायी?"

नळाचं पाणी वाहत होतं. हसिनानं नळ बंद केला.

"पण अब्बा तर तिथंच होते. त्यांनी तुम्हाला टाकू कसं दिलं?"

फुलाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "न्हवता त्यो तितं. बुधवारी दुपारी आर्दा तास. तुज्या आईचा चाळिसावा व्हता न्हवं? सकाळपास्नं जीव थाऱ्यावर न्हवता त्येचा. मीच म्हनलं, जा कबरस्तानात, फूल ठिवून ये, मी बसते. जाऊ का नगो, जाऊ का नगो करत हुता. आन् परत आला तवा डोळं ह्ये एवडं. म्हनला, फुलाबाई, कुनाला सांगू नगा, काम जाईल."

अब्बा गेले होते.

हसिना दगडावर बसली. चाळिसाव्याची ताटं तिनं एकटीनं घासली होती. तेव्हा अब्बा एकटे तिकडं मातीपाशी होते. दोघांनी एकमेकांना काही सांगितलं नव्हतं. तिच्या छातीत काहीतरी हललं, आणि पायाला मुंग्या येतात तसं दुखू लागलं.

"चल," फुलाबाई उठली. "बाईस्नी सांगते मी. पर आसं सांगते, इलाही तितंच हुता. पाट फिरवून भाकर खात हुता, तवर म्या चोरून टाकला. त्येचं नावच येऊ द्यायचं न्हाई. त्येचं काम ऱ्हातंय, तुमची चूल पेटती. माजं काय? रोजावरची बाई मी. हितं न्हाई तर दुसरीकडं झाडीन. तू फकस्त गप ऱ्हा. कळलं?"

सोपं होतं ते. हसिनाला काही बोलायचंसुद्धा नव्हतं. गप्प राहण्याची तिला त्रेचाळीस दिवसांची सवय होती. ती गप्प राहिली असती, तर अब्बा सोमवारी कामावर गेले असते, आणि फुलाबाई ओल्या हातांनी रिह्याच्या वाटेला लागली असती. बोलली असती, तर काय झालं असतं हे कुणालाच माहीत नव्हतं.

दोघी कचेरीच्या पायऱ्या चढल्या. फुलाबाई पुढं होती. दारात तिनं पदर नीट केला, घसा खाकरला आणि तोंड उघडलं.

मग हसिनानं काय केलं?

तिनं फुलाबाईचा हात धरून तिला मागं ओढलं आणि स्वतः टेबलासमोर जाऊन उभी राहिली.

"बाई," ती म्हणाली, "आधी माझ्या अब्बांचं सांगते. बुधवारी दुपारी अर्धा तास ते टाकी सोडून गेले होते. अम्मीच्या कबरीवर. आता मावशींचं ऐका."

आणि फुलाबाईला पुढं जागा करून देत ती तिच्या शेजारी उभी राहिली.